न आलेल्यांची यादी

मिताली गुप्तेने दहावा प्रश्न विचारला तेव्हा सव्वाअकरा झाले होते आणि खालच्या मजल्यावरच्या क्लासमधली मुलं सुटून जिन्यात धडधडत होती. फोनवर दिपा म्हात्रे नावाची बाई होती. तिने जरा विचार करून सांगितलं, "आठ लिहा. नाही, साडेआठ." मितालीने साडेआठ लिहिले. सकाळी उठल्यावर आजचा दिवस आपल्या हातात आहे असं किती वाटतं, या प्रश्नाला याच बाईने वर्षापूर्वी दहापैकी तीन दिले होते. झोप चारावरून सातावर आली होती. घरात आपलं म्हणणं मांडता येतं का, दोनावरून आठ. मितालीला एकदम हलकं वाटलं. दिपा म्हात्रे तिला आठवायलाही लागली. तिसऱ्या रांगेत, भिंतीच्या बाजूला, पिवळ्या ड्रेसमध्ये बसणारी, पहिल्या दिवशी रडलेली. खरं तर इथेच आभार मानून फोन ठेवायचा होता. दहा प्रश्नांपलीकडे एक शब्द विचारायचा नाही, असं ही तपासणी आखून देणाऱ्या दिनानाथ सरांनी बजावून सांगितलं होतं. पण सकाळपासूनचा हा सहावा फोन होता, आधीचे पाच जण पाच-सहाच्या आसपास रेंगाळले होते, आणि कुणाच्या तरी तोंडून ते ऐकावंसं वाटत होतं. तिने विचारलं, आपल्या सेशन्समधलं नेमकं काय उपयोगी पडलं, सांगाल का? पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती विरेपर्यंत दिपा म्हात्रे थांबली आणि संकोचून म्हणाली, "मॅडम, मी आले कुठे? तुमचा तो फॉर्म भरला आणि त्याच आठवड्यात सासूबाई पडल्या. मग राहूनच गेलं. यायचं होतं हो मला."

फोन ठेवल्यावर मिताली काही वेळ त्या साडेआठाकडे बघत राहिली. फसवणूक कुणी केली नव्हती. दोन याद्या होत्या: वर्षापूर्वी तिच्या कोचिंगच्या बॅचला नाव नोंदवून, फॉर्म भरून, बाराही सेशन्स पूर्ण केलेले चोवीस जण, आणि नाव नोंदवून, तोच फॉर्म भरून, काही ना काही कारणाने कधीच न आलेले वीस जण. सरांनी दोन्ही याद्या पत्त्यांसारख्या पिसून एकच यादी केली होती, कोण कुठला ते कळू नये म्हणून. आलेल्याशी बोलताना तुमचा आवाज आपोआप लाडिक होईल, असं ते म्हणाले होते. फोन दुसऱ्याच कुणी करावेत असंही त्यांचं म्हणणं होतं, पण मितालीने हट्टाने ते काम आपल्याकडे घेतलं. आपली माणसं आपण नावानिशी ओळखतो, याद्या पिसून काय होणार, असं तिला वाटलं होतं. आणि आता तो पिवळा ड्रेस. कधी न आलेल्या बाईला तिने तिसऱ्या रांगेत बसवलं होतं, रडवलं होतं, आणि अकरा वर्षांत रडलेल्या सगळ्या बायकांकडे बघताना वाटायचा तो अभिमानही क्षणभर तिच्याबद्दल बाळगला होता. मग बाकीच्यांचं काय? बाकीचे जे आठवतात, तेही असेच कुठून तरी येऊन बसलेले असतील का? ती उठून खिडकीशी गेली. समोर कामोठ्याच्या सेक्टरमधल्या एकसारख्या बिल्डिंगा, प्रत्येक गॅलरीत एकसारखे वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यावर रिक्षांची रांग. त्या गॅलऱ्यांमधली कितीतरी माणसं तिच्याकडे कधी आली नव्हती, येणारही नव्हती. ती सगळी आपापली बरी होत असतील, हा विचार तिला आजवर कधी शिवलाच नव्हता.

हे मोजायचं खूळ मुळात तिचं नव्हतं. तळोज्याच्या एका कारखान्यातल्या साठ सुपरवायझरांना सहा महिने कोचिंग द्यायचं काम येऊ घातलं होतं. तिथल्या एचआरचा कुंदन तिला दोनदा भेटला, चहा पाजला, आणि शेवटी हसत म्हणाला की वरच्या साहेबांना पुरावा लागतो. मितालीने पुरावा काढून दिला. प्रत्येक बॅचच्या पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी भरून घेतलेले फॉर्म, चाराचे आठ झालेले. वरचे साहेब म्हणाले, शेवटच्या दिवशी टाळ्या वाजवून झाल्यावर भरलेला फॉर्म आम्हालाही भरता येतो. एखाद्या बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या. म्हणून दिनानाथ सर. कॉलेजात चाळीस वर्षं संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता टेबलाच्या कडेकडे बघणारे. त्यांनी कामाचं काही घेतलं नाही. मला उत्सुकता आहे, एवढंच म्हणाले. मितालीला तेव्हा ते आवडले होते. आपल्या कामाबद्दल कुणाला तरी उत्सुकता आहे, याचं तिला बरं वाटलं होतं.

नऊ दिवसांत चव्वेचाळीस फोन झाले. दहाव्या दिवशी दुपारी ती नवीन पनवेलला सरांच्या घरी गेली. त्यांनी तक्ता आधीच काढून ठेवला होता. जे आले, ते सरासरी चार पूर्णांक एकवरून सातावर. जे आले नाहीत, ते चारावरून सहा पूर्णांक सातावर. सरांनी पेन्सिलीने दोन्ही आकड्यांखाली एकेक रेघ मारली आणि पेन्सिल खाली ठेवली. मितालीने विचारलं, म्हणजे आम्ही पुढे आहोत ना? वाढ बघितली तर दोन दशांशाने आहात, सर म्हणाले, आणि एवढा फरक याच चव्वेचाळीस जणांची नावं चिठ्ठ्या टाकून दोन टोपल्यांत वाटली असती तरी पडला असता. मग त्यांनी तिला समजावून सांगितलं, शिकवण्याच्या जुन्या सवयीने, हळूहळू. माणूस तुमच्याकडे केव्हा येतो? सगळ्यात वाईट आठवड्यात. ताप चढलेला असतो तेव्हा. तिथून वर्षभरात बहुतेक माणसं थोडी वर येतात, काहीही केलं तरी आणि काही नाही केलं तरी. सासू बरी होते, मूल दहावी पास होतं, बॉसची बदली होते. तुम्ही त्या वेळी शेजारी उभ्या असता. मिताली म्हणाली, "म्हणजे माझा उपयोग शून्य." सरांनी पहिल्यांदा वर बघितलं. "असं मी म्हटलेलं नाही. उपयोग झाला असं म्हणता येत नाही, एवढंच म्हटलं. ही दोन वेगळी वाक्यं आहेत." निघताना दारापर्यंत आले आणि दाराच्या कडीकडे बघत म्हणाले की चाळीस वर्षं त्यांनी शिकवलं, पण आपल्या शिकवण्याने कुणाला काही आलं का हे कधी मोजलं नाही. तेवढा धीर झाला नाही. मितालीला ते सांत्वन वाटलं नाही. त्या क्षणी तिला त्यांचा राग आला, आणि राग आल्याची जाणीव होताच तिने सवयीने श्वास मोजायला सुरुवात केली, इतरांना शिकवते तसा, आत चार, बाहेर सहा. मोजतामोजता जिन्यातच थांबली. हे तरी उपयोगी पडतं का? की राग ज्या वेळात उतरायचा त्या वेळात उतरतो आणि आपण नुसतं मोजत असतो?

तिथून ती ऑफिसला न जाता आईकडे गेली, वडाळे तळ्याजवळच्या फ्लॅटमध्ये. आई टेबलाशी बसून मोड आलेले वाल सोलत होती. मितालीने हात धुतले आणि समोर बसून सोलायला घेतले. कोमट पाण्यात भिजलेली सालं बोटांच्या चिमटीतून सुळकन निघत होती आणि त्या निसरड्या, मऊ गोष्टीने तिला जरा बरं वाटलं. तिला कुणाला तरी काहीतरी पक्कं विचारायचं होतं. आणि तिच्याकडे एक पक्की गोष्ट होती. प्रत्येक बॅचच्या पहिल्या दिवशी ती सांगायची ती गोष्ट: चौदाव्या वर्षापर्यंत मिताली अडखळत बोलायची. म वर तर ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत, स्वतःचं नावसुद्धा सांगता यायचं नाही. वर्गात हजेरीला नुसता हात वर करायची. मग आठवीत नव्या वर्गशिक्षिका आल्या. त्यांनी तिला रोज मधल्या सुट्टीत बसवून, मांडीवर बोटाने ठेका धरून बोलायला शिकवलं, आणि दिवाळीपर्यंत ती स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन करण्याइतकी बोलू लागली. माणूस बदलतो, कारण मी बदलले, असं म्हणून ती थांबायची, आणि हॉलमध्ये नेहमी एक विशिष्ट शांतता पसरायची. त्या शांततेवर तिने नोकरी सोडली होती, ऑफिस घेतलं होतं, नवऱ्यापासून वेगळं व्हायचं धाडसही त्या शांततेवरच केलं होतं. तिने आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, बाईंनी मला नक्की किती महिने शिकवलं गं? आई सोलता सोलता म्हणाली, कोण, त्या दाते बाई? फार चांगल्या होत्या. पण तुझं बोलणं तर त्या यायच्या आधीच सुधारलं होतं. मे महिन्यात तू पेणला मावशीकडे गेली होतीस, परत आलीस ती घडाघडा बोलतच. "आम्ही घाबरून काही बोललोच नाही," आई म्हणाली. "म्हटलं दृष्ट लागायची. शाळेत जाऊन पुन्हा थोडी अडखळायला लागलीस, ते दिवाळीपर्यंत गेलं. बाई म्हणायच्या, मी शिकवलं. आम्ही म्हटलं, असेल."

मितालीच्या हातातला वाल सुटून टेबलाखाली गेला. ती तो शोधायला वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. पेण. पेणचं तिला काय आठवत होतं? मावशीचं अंगण, गणपतीच्या कारखान्यात ओळीने ठेवलेले बिनरंगाचे गणपती, मावसभावंडांबरोबरचा आरडाओरडा. बोलणं आठवत नव्हतं. बोलणं आठवत नाही, म्हणजेच ते अडत नव्हतं का? अडलेला प्रत्येक शब्द तर तिला अजून आठवत होता, किराणा दुकानात न सांगता आलेली मसूर डाळसुद्धा. आणि बाईंचं बोट आठवत होतं, मांडीवर ठेका धरणारं, मऊ, शाईचा डाग पडलेलं. ते तरी खरं होतं ना? की तेही पिवळ्या ड्रेससारखं? आईला विचारायचं धाडस झालं नाही. संध्याकाळी एका नव्या चौकशीचा फोन आला, आणि मी मिताली बोलतेय, असं म्हणायला तिने तोंड उघडलं तर पहिल्याच अक्षराशी तिच्या ओठांवर एक ओळखीचं जडपण येऊन बसलं. अडखळली नाही ती. पण तीस वर्षांनी पहिल्यांदा आपण बोलण्याआधी थांबलो हे तिच्या लक्षात आलं, आणि मग पुढचे चार दिवस प्रत्येक फोनच्या आधी ती त्या जडपणाची वाट बघू लागली.

त्या चार दिवसांत तिने स्वतःला सावरायला एकच माणूस धरून ठेवला होता, तो म्हणजे भरत. खारघरच्या पोटात बेलपाडा गाव आहे, तिथला. पाण्याचा टँकर चालवायचा. ज्या जमिनीवर त्याच्या आज्याचं भात व्हायचं तिथे आता तीस मजली सोसायट्या होत्या, आणि त्यांच्या गेटवर परगावचा वॉचमन त्याला टँकरमधून उतरवून रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावायचा, कुणाकडे जायचं, कशाला जायचं. तो राग तो घरी आणायचा. एकदा त्याने फेकलेला तांब्या बायकोच्या कपाळाला लागला आणि तीन टाके पडले, तेव्हा त्याचा त्यालाच धसका बसून तो मितालीकडे आला होता. तिने त्याला शिकवलं, राग आला की उठायचं, खोलीबाहेर जायचं, शंभर आकडे मोजायचे, तरी राहिला तर पुन्हा शंभर. बारा सेशन्सपैकी एकही त्याने चुकवलं नाही. रागावर ताबा, दोनावरून नऊ. कितीतरी हॉलमध्ये तिने त्याची गोष्ट नाव बदलून सांगितली होती. सरांनी तीन-चार जणांच्या घरच्यांशीही बोलायला सांगितलं होतं, म्हणून तिने पहिलं नाव भरतचं लिहिलं. सरासरी काही म्हणो, एका घरात तरी तांब्या उडायचा थांबला आहे, एवढं तिला पाहून यायचं होतं.

भरत कामावर असताना सकाळी दहाच्या सुमारास ती गेली. त्याची बायको शांती दारात बसून सुकट निवडत होती. ती उठली, आत बोलावलं, खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. कपाळावरचा व्रण भुवईत शिरला होता, जवळून बघितल्याशिवाय दिसला नसता. मितालीने कागद काढून पहिला प्रश्न विचारला, राग किती कमी झाला, एक ते दहामध्ये. शांती लगेच म्हणाली, "दहा लिवा. मारत नाय, वरडत नाय. एकदा पण नाय." मितालीला एवढं बरं वाटलं की तिने तो दहा जरा मोठाच काढला. पुढचे प्रश्न ती भराभर विचारत गेली आणि शांती गप्प होत गेली. घरात मोकळेपणा किती, या प्रश्नाला तिने सुकटीची ताटली मांडीवरून खाली ठेवली. मग बोलली. नवरा आता राग आला की उठून बाहेर जातो. पैला पाच मिनटं जायचा. मग तासभर. आता जेवता जेवता उठतो, कशानं ते कळत नाय, आणि मागच्या पडवीत भिंतीकडं तोंड करून उभा राहतो. ओठ हलत असतात. पोरगी स्नेहा सातवीत आहे, तिला परीक्षेत कमी मार्क पडले, तर त्याने वही बघितली, मिटली, आणि गेला. दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. आता तो कुणाशीच फारसा बोलत नाही, रागाचं नाही आणि दुसरंही नाही. तो घरात असला की त्या दोघी हळू आवाजात बोलतात, भांडं वाजू देत नाहीत. "आदी कळायचं, कुठून येतंय ते," शांती म्हणाली. "आमी बाजूला व्हायचो. आता कळतच नाय. मला आदीपेक्षा आता जास्त भ्या वाटतं, मॅडम." आणि मितालीने काहीच लिहिलं नाही तेव्हा तिला वाटलं आपलं चुकलं, म्हणून घाईने म्हणाली, पण दहा तसेच राहू द्या. मारत नाय ते खरं हाय. बाकीचं तुमच्या कागदात नाय, त्याला तुमी तरी काय करणार.

परत येताना रिक्षात मितालीला मधूनच वाटे, हे आपण केलं. दुसऱ्या क्षणी वाटे, आपण काय करणार, आपला तर उपयोगच होत नाही, दोन दशांश. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नव्हतं, आणि दोन्हीपैकी कुठलंही एक खरं असलं तरी ती वाचत नव्हती. आला नसता तर भरत कसा झाला असता? दिपा म्हात्रेसारखा आपोआप निवळला असता? की तांब्याच्या जागी आणखी काही आलं असतं? सरांच्या तक्त्यात चोवीस विरुद्ध वीस होते. भरतच्या विरुद्ध बसवायला दुसरा भरत कुठे होता, बेलपाड्यातच राहणारा, टँकर चालवणारा, शांतीशी लग्न झालेला आणि मितालीकडे न आलेला? तिने आकडे मोजायला सांगितले तेव्हा तिला असं वाटलं होतं की त्या शंभर आकड्यांच्या पलीकडे शांत झालेला माणूस असतो. त्या आकड्यांच्या आतच कुणी राहायला जाईल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

कुंदनचा फोन दुसऱ्या दिवशी आला. सरांनी अहवालाचा मसुदा त्यालाही पाठवला होता. तो नेहमीसारखाच प्रसन्न होता. म्हणाला, मॅडम, पहिलं टेबल मस्त आहे, चाराचे सात, तेवढंच पाठवू या ना. न आलेल्यांचं टेबल जरा अ‍ॅकॅडमिक वाटतं, साहेब कन्फ्यूज होतील. खोटं काहीच नाही त्यात. मिताली म्हणाली, संध्याकाळपर्यंत कळवते. मग ती सबंध दुपार खुर्चीत बसून राहिली. खोटं काहीच नव्हतं, हे तर खरंच. अकरा वर्षं ती नेमकं तेवढंच टेबल दाखवत आली होती, आणि तेव्हा तर ते लपवणंही नव्हतं. साठ सुपरवायझर. त्यातले किती जण घरी काय घेऊन जात असतील? त्यांना ती काय देणार होती, श्वास आणि शंभर आकडे? सहा वाजता तिने दोन्ही तक्ते पाठवले, आणि खाली आपल्या शब्दांत एक परिच्छेद जोडला, की एका घरी मुख्य आकडा दहावर गेला आहे आणि घरातली माणसं आधीपेक्षा जास्त घाबरली आहेत, आणि हे मोजायला आमच्याकडे प्रश्न नव्हता. कुंदनचं उत्तर आलं, थँक्स मॅडम, बघतो. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. तिलाही तो करावासा वाटला नाही. सुटल्यासारखं वाटेल अशी तिची अपेक्षा होती, पण तसं काही वाटलं नाही. उलट आता आडोसा घ्यायला काहीच उरलं नव्हतं.

शनिवारी भरतचा फोन आला. त्याचा आवाज अगदी सपाट होता. "मॅडम, तुमी घरी आलेलात. शांतीला काय विचारलं?" मिताली म्हणाली, तुमच्या प्रगतीबद्दल. नेहमीचे प्रश्न. पलीकडे बराच वेळ काही नाही. तो मोजतोय, हे तिच्या लक्षात आलं. शेवटी तो म्हणाला, "बरा हाय ना मी?" यावर काय म्हणायचं ते तिला पाठ होतं. भरत, तुम्ही किती पुढे आलात बघा, दोनावरून नऊ. ओठांवर ते जडपण पुन्हा येऊन बसलं. ती म्हणाली, मला माहीत नाही, उद्या मी घरी येऊ का? तो या म्हणाला. मग रात्री आणि सकाळी ती फक्त एकच गोष्ट घोकत होती, की शांतीने जे सांगितलं ते आपल्यामुळे त्याला कळलं तर काय होईल. फोन करून शांतीला विचारावं असंही वाटलं, पण फोन त्यानेच उचलला तर?

रविवारी चार वाजता ती गेली. भरत घरात होता, धुतलेला शर्ट घालून, खुर्चीत ताठ. शांती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि स्नेहा खाटेवर पुस्तक घेऊन बसली होती, पान न उलटता. मितालीने कागद आणला नव्हता. तिने काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण त्यातलं काहीच सुरू होईना. ती हवापाण्याचं बोलली, रस्ता खोदलाय त्याचं बोलली. मग म्हणाली, भरत, मी तुम्हाला जे शिकवलं ते अर्धंच होतं असं मला आता वाटतं. बाहेर जायला शिकवलं, परत यायला शिकवलं नाही. तो ऐकत होता. मग त्याने शांतीकडे बघितलं, नुसतं बघितलं, आणि त्याच्या जबड्याशी काहीतरी हललं. "म्हंजे हिने तुमाला सांगितलं," तो म्हणाला आणि उठला. पडवीच्या दाराकडे वळला. मितालीला त्याची पाठ दिसत होती, हात मांड्यांशी घट्ट, आणि तो दाराबाहेर गेला की आजचा दिवसही तसाच मिटणार होता, हे तिला दिसत होतं. आणि गेला नाही तर काय होईल, हे तिला कुठल्याच तक्त्याने सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "बाहेर जाऊ नका. मोजू नका. बसा."

तो थांबला. आपण हे म्हणायला नको होतं, असं तिला त्याच क्षणी वाटलं. हे घर तिचं नव्हतं. काही झालं तर ती रिक्षाने कामोठ्याला निघून जाणार होती. ती उठून शांतीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. भरत वळला. त्याचा चेहरा लाल झाला होता, एखाद्या जड वस्तूखाली दबल्यासारखा. "मला राग आलाय," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. शांतीने विचारलं, "माझा?" तो म्हणाला, तुझा पण. आणि मग थांबला, जणू पुढचं वाक्य कुठे ठेवलंय ते त्यालाच सापडत नव्हतं, आणि एकदम बोलायला लागला. काल सकाळी सोसायटीच्या गेटवर वॉचमनने त्याला अर्धा तास उन्हात उभं केलं. नंतर सेक्रेटरी आला, अगदी पोरसवदा, त्याने टँकरवर हात मारून सांगितलं की मागच्या गेटने या, पुढे घाण होते. पुढे घाण होते. आज्याची विहीर होती तिथं. बोलता बोलता त्याचा आवाज चढत गेला, खोलीला मोठा वाटेल इतका चढला. शेजारच्या घरातला टीव्ही कुणीतरी बारीक केला. शांतीने पदर हातात धरला होता. मितालीला वाटत होतं, आता थांबवावं, आता. थांबवावं की नाही हे तिला खरंच कळत नव्हतं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती न कळताच उभी राहिली.

खाटेवरून स्नेहा उठली नाही. तिने पुस्तक मिटलं होतं आणि ती बापाकडे बघत होती. त्याला दम लागून तो क्षणभर थांबला, तेव्हा तिने विचारलं, "मग पप्पा, तुमी काय बोललात त्याला?"

भरतने तिच्याकडे बघितलं. "काय नाय," तो म्हणाला. "मोजलं मी." त्याचे हात सुटे झाले होते आणि त्यांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. मग तो खाटेच्या कडेवर, तिच्यापासून हातभर अंतरावर बसला. "थांब," म्हणाला, "काय बोलायला पायजे होतं, ते तुला सांगतो."